ता. क. मधलं घड्याळ

प्रिय ताई,

मी ५३ वर्षांची आहे. माहेर सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९८३ साली दिवाळीच्या आधी ते मुंबईला गेले. लालबागला आमची आत्या होती, ती त्या पावसाळ्यात वारली. आतोबा गिरणीत होते, पण संपाला पावणेदोन वर्षं होत आलेली, घरात विकायलाही काही उरलं नव्हतं. निघताना अण्णांनी आम्हाला विचारलं, 'मुंबईहून काय आणू?' दादा चौदाचा. जूनमध्ये कपिलदेवनं वर्ल्ड कप आणलेला, त्यामुळे त्यानं बॅट सांगितली. मी कंपासपेटी. चौथ्या दिवशी रात्रीच्या एसटीनं अण्णा आले ते खांद्यावर आत्याचा सहा वर्षांचा मुलगा घेऊन. बॅट नाही, कंपासपेटी नाही.

तेव्हापासून घरात त्याचंच राज्य. झोपायचा अण्णांजवळ. सायीचं दूध त्याला. दादानं त्याला नुसतं दरडावलं तरी अण्णांचा हात उठायचा. दहावीत दादाला कमी मार्क पडले तेव्हा अण्णा चारचौघांत म्हणाले, 'हा माझं नाव घालवणार आणि तो काढणार.' २००३ मध्ये अण्णा गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी दादानं त्याला विचारलं, 'आता तुझं इथे काय आहे?' तो एक बॅग घेऊन निघाला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आता तो चाकणला एका कंपनीत आहे. दर दिवाळीला आईला फोन करतो.

दोन महिन्यांनी आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आई म्हणते, त्याला बोलवा. दादा म्हणतो, तो आला तर मी उंबरा चढणार नाही. माझी मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, इंग्रजी घेऊन. त्यांना 'वुदरिंग हाइट्स' नेमलंय. 'आई, यातला बाप मुंबईऐवजी लिव्हरपूलला जातो, एवढाच फरक,' म्हणून तिनं मला ते पान मराठीत सांगितलं. मला पुढचं ऐकवेना. ती म्हणते, मोठे मामा हिंडली, ज्यांना मी कधी पाहिलंच नाही ते धाकटे मामा हीथक्लिफ, आणि तू कॅथी. मला काही ते पटलं नाही.

चूक कोणाची होती, ताई? आणि त्याला बोलवू की नको?

– एक वाचक, पुणे

ता. क. १९८५ मध्ये अण्णांचं एचएमटीचं घड्याळ फुटलं. मार दादानं खाल्ला, लाकडी पट्टीनं. फोडलं होतं धाकट्यानं. मी माजघरातून पाहिलं होतं. घरात आणखी तमाशा नको म्हणून गप्प बसले. आता इतक्या वर्षांनी त्याचं काय म्हणा.

*

प्रिय मैत्रीण,

आधी तुमच्या लेकीला शाबासकी. नेमलेलं पुस्तक गाइडवर न भागवता मुळातून वाचते आणि त्यातल्या म्हाताऱ्यात तिला स्वतःचे आजोबा दिसतात, हे काही थोडं नाही. फक्त पात्रं वाटून देताना तिनं नात्यांचा तक्ता समोर ठेवला. भाऊ तो हिंडली, आणलेला पोरगा तो हीथक्लिफ, मग उरली बहीण ती कॅथी. तुम्हाला ते पटलं नाही, मलाही नाही. तुम्ही कोण ते सांगते, पण त्यासाठी पुस्तक जरा उघडावं लागेल. इतर वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ते वाचलेलं नसणार, आणि ज्यांच्या कानावर आलंय त्यांच्या कानावर वादळी प्रेमकथा म्हणूनच आलेलं असणार. मला स्वतःला ती प्रेमकथा म्हणून कधी वाचताच आली नाही. मला ती घरातल्या वाटणीची गोष्ट वाटते. आधी मायेची वाटणी, मग जमिनीची.

एमिली ब्राँटेची ही एकुलती एक कादंबरी १८४७ च्या डिसेंबरात आली, 'एलिस बेल' या टोपणनावानं. गोष्ट त्याच्याही सत्तरपंचाहत्तर वर्षं आधीची. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरचे उघडे, वाऱ्याचे माळ, तिथे अर्नशॉ नावाच्या शेतकऱ्याचं जुनं दगडी घर. सुगीच्या सुरुवातीला हा अर्नशॉ लिव्हरपूलला निघतो. साठ मैल जायचे, साठ मैल यायचे, आणि तेही पायी. निघताना मुलांना विचारतो, काय आणू? चौदा वर्षांचा हिंडली फिडल, म्हणजे व्हायोलिन, मागतो. कॅथी जेमतेम सहाची, पण तबेल्यातल्या कुठल्याही घोड्यावर बसणारी, ती चाबूक मागते. घरात वावरणारी मोलकरणीची पोर नेली, तिलाही तो खिसाभर सफरचंदं आणि नासपती कबूल करतो. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला तो दमून परततो, आणि डगल्याच्या आतून काढतो एक काळ्या केसांचं, फाटक्या कपड्यांचं, मळकं पोर. लिव्हरपूलच्या रस्त्यावर उपाशी सापडलेलं. कुणाचं, कुठलं, पत्ता नाही. कुणालाही न कळणाऱ्या भाषेत तेच तेच बडबडतंय. फिडलचा डगल्यातच चुरा झालेला. चाबूक वाटेत कुठेतरी पडला. चौदा वर्षांचा घोडा हिंडली ढसाढसा रडतो. कॅथी त्या पोरावर थुंकते आणि बापाची एक सणसणीत खाते.

तुमच्या दादाची बॅट मला तिथे आठवली. चौदाव्या वर्षी मुलगा रडत नाही, निदान दिसू देत नाही. तुमचा दादा रडला होता का हो? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती तुमच्या मुलीच्या प्राध्यापकांनी कदाचित सांगितली नसेल. त्या पोराला नाव देतात 'हीथक्लिफ', आणि हे नाव अर्नशॉच्या लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं. तेच त्याचं नाव आणि तेच आडनाव. म्हणजे हिंडलीच्या मेलेल्या भावाचं नाव एक दिवस कुणा परक्याच्या अंगावर दिसायला लागतं. अर्नशॉचं आडनाव मात्र त्या पोराला कधीच मिळत नाही. घरात घेतला आणि घराचा केला नाही, असा हा मामला.

आता चूक. पोराला आणण्यात काहीच चूक नव्हती. रस्त्यावर भुकेलं लेकरू दिसलं आणि माणूस ते उचलून साठ मैल चालत आला, तर त्याच्या पायांना हात लावावा. तुमच्या अण्णांनी तर बहिणीचं लेकरू आणलं. आई गेलेली, बापाच्या हाताला काम नाही, अशा भाच्याला मामानं नाही आणायचं तर कुणी? त्याला दोन घास जास्त घालण्यातही चूक नव्हती. ज्याची आई नुकती गेली आहे त्याला अंगाजवळ घेऊन झोपावंच लागतं.

आपल्याकडे पंक्तिप्रपंच असा एक नेमका शब्द आहे. वाढणाऱ्याचा हात तुपाची वाटी घेऊन एकाच्या पानावर दोनदा वाकतो आणि दुसऱ्याच्या पानावरून तसाच पुढे जातो. पंगतीतल्या सगळ्यांना ते दिसतं आणि बोलत कुणीच नाही, कारण जेवताना तुपावरून बोलणारा हलकट ठरतो. अर्नशॉच्या घरात हेच झालं. म्हाताऱ्याच्या डोक्यात हळूहळू असं बसलं की मला हा पोरगा आवडतो म्हणून बाकीचे सगळे त्याचा द्वेष करतात. मग हीथक्लिफबद्दलचं कुठलंही गाऱ्हाणं म्हणजे बापाशी वैर. आणि जिथे गाऱ्हाणं करायची सोय नसते तिथे मुलं इतर विद्या शिकतात. हिंडली बापाच्या पाठीमागे मारायला शिकला. हीथक्लिफ वळ जपून ठेवायला शिकला, वेळेला चालवता यावेत म्हणून. कॅथीनं बापाला खिजवण्याचाच खेळ केला. त्यात त्या घरात जोसेफ नावाचा एक धर्मवेडा म्हातारा नोकर आहे. तो रोज रात्री मालकाच्या कानाशी बसून मुलांच्या पापांचा पाढा वाचतो. हे पात्र इतकं खरं आहे की मला आमच्या वाड्यातले दोघंतिघं आठवले, असो.

एकदा अर्नशॉ जत्रेतून दोन शिंगरं विकत आणतो, दोन मुलांना दोन. हीथक्लिफ त्यातलं देखणं घेतो. थोड्याच दिवसांत ते लंगडायला लागतं. तो सरळ हिंडलीकडे जातो आणि म्हणतो, तुझं शिंगरू मला दे. नाहीतर या आठवड्यात तू मला तीनदा झोडपलंस ते तुझ्या बापाला सांगीन आणि हा दंड दाखवीन, खांद्यापर्यंत काळानिळा झालाय. हिंडली लोखंडी वजन उचलून त्याच्या छातीवर फेकतो. हीथक्लिफ पडतो, लगेच उठतो, श्वास कोंडलेला, चेहरा पांढराफटक. मग हिंडलीच म्हणतो, घे माझं शिंगरू, आणि त्याला घोड्याच्या पायांत ढकलून पळून जातो. हीथक्लिफ शांतपणे उठून खोगीर बदलायला लागतो. तो रडत नाही, ओरडत नाही.

हे दोन पोरांचं झालं. पण त्या तबेल्यात तिसरंही कुणीतरी उभं आहे, आणि मला त्या तिसऱ्या माणसाविषयीच बोलायचंय. नेली तिथे आहे. तिनं सगळं पाहिलंय, धमकी ऐकलीये, वजन फेकलेलं पाहिलंय. ती काय करते? हीथक्लिफला समजावते की अंगावरचे वळ घोड्यावर ढकलून दे. तो कबूल होतो. हवं ते त्याला मिळालेलंच होतं, बाकी कुणी काय सांगतं याची त्याला पर्वा नव्हती. संध्याकाळी घरात शांतता असते.

आणि त्या शांततेत म्हाताऱ्याला कळत नाही की आपला थोरला धाकट्याला मरेस्तोवर मारतो, आणि हेही कळत नाही की आपला लाडका थोरल्याला दम देऊन लुबाडतो. दोन्ही गोष्टी त्याला कळायला हव्या होत्या. दोन्ही नेलीला ठाऊक होत्या.

तुमच्या मुलीनं तक्ता भरताना नेलीला वगळलं, कारण नेली गोष्ट सांगणारी आहे, आणि सांगणाऱ्याला आपण गोष्टीत धरत नाही. जवळजवळ सगळी कादंबरी तिच्या तोंडून येते. लॉकवुड नावाचा एक भाडेकरू आजारी पडतो आणि ही त्याच्या उशाशी शिवण घेऊन बसून सांगते. बोलायला गोड, समंजस, सगळ्यांचं करणारी. नेली वाईट बाई नाही, माझी तर ती फार आवडती. पण तिच्या हातून काय काय झालंय ते मोजायला घेतलं की बोटं पुरत नाहीत. पहिल्याच रात्री मुलं त्या पोराला खाटेवर घेईनात, तेव्हा नेलीनं त्याला जिन्याच्या वरच्या टप्प्यावर नेऊन ठेवलं. सकाळपर्यंत कुठेतरी निघून जाईल या आशेनं. ते पोर आवाजाच्या रोखानं सरपटत अर्नशॉच्या दाराशी गेलं म्हणून हिचं बिंग फुटलं आणि काही दिवस तिला घराबाहेर काढलं. पुढे मुलं मोठी झाल्यावर स्वयंपाकघरातला तो प्रसिद्ध प्रसंग. कॅथी सांगते आहे की आता हीथक्लिफशी लग्न म्हणजे मला कमीपणा. बाकाच्या पलीकडे हीथक्लिफ बसलाय. एवढंच वाक्य ऐकतो आणि आवाज न करता निघून जातो. पुढचं, त्याच्यावर तिचा जीव किती आहे ते, ऐकायला तो थांबत नाही. नेली त्याला उठून जाताना पाहते. ती कॅथीला गप्प करते, आणि का म्हणून विचारल्यावर जोसेफची गाडी आल्याचं निमित्त सांगते. त्या रात्री हीथक्लिफ जातो तो तीन वर्षं परत येत नाही.

प्रत्येक वेळी नेलीचं कारण एकच असतं. घरात आणखी तमाशा नको.

हे शब्द तुमच्या ता. क. मध्ये आहेत, जसेच्या तसे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वर चार परिच्छेद अण्णांचे, दादाचे, धाकट्याचे. सही झाली, आणि मग खाली, पाकीट चिकटवता चिकटवता लिहावं तसं, घड्याळ. 'इतक्या वर्षांनी त्याचं काय म्हणा' असं तुम्ही लिहिता. मग लिहिलंत कशाला, हो? चाळीस वर्षं पोटात होतं म्हणूनच ना.

रागावू नका. १९८५ मध्ये तुम्ही तेरा वर्षांच्या होतात. त्या वेळी बोलला असतात तर अण्णांनी विश्वास ठेवला असता का, हा प्रश्नच आहे. बहुधा तुम्हालाही एक पट्टी बसली असती. मीही तिघांतली मधली. मधल्याला घर फार लवकर कळतं आणि जिभेला कुलूप घालायची सवय त्याहून लवकर लागते. पण २००३ मध्ये तुम्ही एकतीस वर्षांच्या होतात आणि तेव्हाही स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिलात.

आता दादाबद्दल. अर्नशॉ १७७७ च्या ऑक्टोबरात एका वादळी रात्री शेकोटीजवळच्या खुर्चीत जातो. हिंडली शिकायला बाहेर होता तो अंत्यविधीला बायकोसह येतो, आणि घराचा मालक झाल्या झाल्या हीथक्लिफला नोकरांत ढकलतो, त्याची शिकवणी बंद करतो, शेतावर राबायला लावतो. अगदी तुमच्या तेराव्याची संध्याकाळ. मुलगी मामाला हिंडली म्हणते ते इथे खरं आहे. मात्र हिंडलीला वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं येणं होतं बापाकडे. बाप शांतपणे डोळे मिटून गेला, आणि वसुली ज्याच्याकडून केली तो त्या व्यवहारात कर्जदार नव्हताच. तुमच्या दादानं त्या संध्याकाळी जे विचारलं, ते अण्णांना विचारायचं होतं. 'आता माझं इथे काय आहे?' वीस वर्षं तेच त्याच्या घशात अडकलेलं. अण्णा गेल्यावर ते बाहेर आलं आणि 'माझं'चं 'तुझं' झालं.

लाडक्याचंही थोडं ऐकून घ्या. अर्नशॉनं हीथक्लिफवर जीव टाकला, पण त्याच्या नावानं काही करून ठेवल्याचं पुस्तकात कुठेच येत नाही. म्हातारा मेला आणि पोराच्या पायाखालची जमीन गेली. तुमच्या अण्णांनीही तेच केलेलं दिसतं. दत्तक घेतलेला नाही, मृत्युपत्र नाही, म्हणजे कायद्यानं अण्णांचे वारस आई, दादा आणि तुम्ही. (हो, तुम्हीसुद्धा. हक्कसोडपत्रावर सही करून बसला असाल तर ते वेगळ्या पत्रात लिहा.) सायीचं दूध खूप झालं, कागद एकही नाही. आणि आठ वर्षांच्या मुलाच्या कानावर 'हा नाव काढणार' हे रोज पडत असेल, तर फुटलेलं घड्याळ त्यानं कबूल करायचं कसं? नाव काढणाऱ्यांच्या हातून घड्याळं फुटत नसतात.

लेखिकेच्या स्वतःच्या घरात या ओझ्याखाली एक जण दबून गेला. एमिलीचे वडील हॉवर्थ गावचे पाद्री. आई १८२१ मध्येच गेली. पाच बहिणी आणि एकच भाऊ, ब्रॅनवेल. १८२४ मध्ये चार मुलींना काउअन ब्रिजच्या शाळेत घातलं, त्यातल्या थोरल्या दोघी तिथून आजारी होऊन आल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. मुलाला मात्र वडिलांनी घरी बसवून स्वतः शिकवलं. घराण्याचं नाव हाच काढणार, ही आशा. त्यानं चित्रकला करून पाहिली, शिकवण्या केल्या, रेल्वेत कारकुनी केली, काही टिकलं नाही. दारू आणि अफू लागली. १८४८ च्या सप्टेंबरात, एकतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच छपराखाली बहिणींनी कादंबऱ्या लिहून छापून आणल्या होत्या, आणि त्यांतल्या शार्लटनं नंतर पत्रात लिहिलं की त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याला वाईट वाटेल म्हणून सांगितलंच नाही. इथेही बोललं कुणी नाही. तीन महिन्यांनी, डिसेंबरात, एमिलीही गेली, तिशीत.

त्या घरातली एक सकाळ मात्र वेगळी होती. १८२६ मध्ये वडील लीड्सहून ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांची पेटी घेऊन आले. त्यानं ती उघडी करून बहिणींसमोर धरली. प्रत्येकीनं एकेक शिपाई उचलला. शार्लटनं झडप घालून उचललेल्याला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन केला, एमिलीनं गंभीर तोंडाचा एक निवडला. त्या बारा शिपायांपासून या मुलांनी पुढे अख्खी राज्यं रचली. पेटी एकाचीच होती, पण ती उघडली गेली ती सगळ्यांच्या मधोमध. मला अर्नशॉच्या डगल्याशेजारी ही पेटी ठेवून बघायला आवडतं.

पुस्तकाचा पुढचा भाग मुलीकडून जरूर ऐका, तिथे थांबू नका. हीथक्लिफ पैसा कमावून येतो, जुगारात आणि गहाणखतांत हिंडलीचं घर गिळतो, आणि त्याच्या पोराला, हॅरटनला, त्याच्याच घरात गडी करून ठेवतो. अक्षरसुद्धा शिकू देत नाही. उघड म्हणतो की त्याच वाऱ्यानं दुसरंही झाड तसंच वाकडं वाढतं का ते बघू. पण त्याचा स्वतःचा मुलगा लिंटन किरकिरा, दुबळा निघतो, आणि हा सूड घेणारा माणूस मनातून हॅरटनलाच मानतो. एक सोनं, पण फरसबंदीला वापरलेलं, आणि दुसरं चांदीचा आव आणणारं घासलेलं कथील, असं तो नेलीजवळ बोलून दाखवतो. शेवटी हीथक्लिफ मरतो तेव्हा रात्रभर प्रेताजवळ बसून रडतो तो हॅरटनच. ज्यानं त्याला नागवलं त्याच्यासाठी. बाप म्हणून त्याला दुसरं कुणी माहीतच नसतं. तुमच्या पत्रातला 'दर दिवाळीला आईला फोन करतो' हा तुकडा मी याच्या शेजारी वाचला.

आता बोलवायचं की नाही. बोलवायचं. सहस्रचंद्रदर्शन आईचं आहे, बोलावणं आईचं आहे. ते तुमच्या हातात नाही आणि दादाच्याही नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईनं कुणाला डोळे भरून बघायचं हे मुलांनी ठरवू नये. आईला फोन लावून द्या आणि तिच्या तोंडानं त्याला बोलावू द्या. दादा यायचा की नाही हा दादाचा प्रश्न.

पण तो फोन लावण्याआधी तुम्ही दादाकडे जा. एकट्या. वहिनी घरात असल्या तर असू देत. कादंबरी नेऊ नका, हिंडलीचं नाव काढू नका. 'अण्णांचा तुझ्यावरही तितकाच जीव होता' हे वाक्य तर मुळीच नको. ते खरं आहे की नाही तुम्हालाही ठाऊक नाही, आणि छप्पन्न वर्षांच्या माणसाला असली समजूत झोंबते. सहस्रचंद्रदर्शनाचा विषयही त्या दिवशी नको. नाहीतर त्याला वाटेल, घड्याळ पुढे करून ही माझ्याकडून हो म्हणवून घ्यायला आलीये. आणि तसं वाटलं तर त्याची चूक नसेल.

फक्त घड्याळाचं सांगा. म्हणा, 'दादा, पंचाऐंशी साली घड्याळ तू फोडलं नव्हतंस. मला माहीत होतं. मी माजघरातून बघत होते आणि बोलले नाही.' एवढंच. 'मी लहान होते' हे पुढे जोडू नका, ते त्याला कळतं. तो चिडेल कदाचित. 'आता सांगतेस?' म्हणेल. म्हणू दे. तेव्हाही 'जाऊ दे ना' म्हणायचा मोह होईल, तो आवरा. चाळीस वर्षं त्या घरात एक तरी साक्षीदार होता हे त्याला आज कळतंय, त्याला वेळ लागेल.

धाकट्याला घड्याळावरून काही विचारायला जाऊ नका, त्याला सगळं आठवत असणारच. त्याच्याविषयी मला वेगळंच खटकलं. तुमच्या एवढ्या पत्रात त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. तो दूध पितो, झोपतो, बॅग घेऊन निघतो, फोन करतो, पण बोलत नाही. त्या रात्री एसटीतून उतरल्यावर तो काय म्हणाला होता? तो आला की पंगत उठल्यावर कधीतरी त्याला विचारा, त्याला काय आठवतं. विचारून गप्प बसा, यात तुम्ही तरबेज आहात.

आणि नेलीचं एक सांगायचं राहिलं. हिंडली आणि ती एकाच वयाची, तिच्या आईनंच त्याला अंगावर पाजलेलं, म्हणजे दूधभाऊच. दारूनं पोखरलेला हिंडली सत्ताविसाव्या वर्षी गेल्याचं कळतं तेव्हा नेली ओसरीत बसून रक्ताचं माणूस गेल्यासारखी रडते. ज्याला सांगायला हवं होतं तो तोवर गेलेला असतो. तुमचा दादा छप्पन्नचा आहे आणि पुण्याहून तुमच्या गावाला सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणापर्यंत पोचता येतं.

ते घड्याळ आईच्या ट्रंकेत अजून असेल तर आधी ते मागून घ्या. काच बदलू नका. तसंच घेऊन जा.